‘नॉन-जीसीबी’ लिहिलंय, म्हणजे आई वाचणार नाही का?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं कुणीतरी तो आधी मोबाईलवर शोधतं, मग डॉक्टरांकडे जातं. जीव टांगणीला लागलेला असताना माणूस दुसरं काय करणार? पण डीएलबीसीएल, म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, या लसिकाग्रंथींच्या, झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगात बरीच घरं एकाच शब्दापाशी अडकतात. ‘नॉन-जीसीबी’, म्हणजे या आजाराच्या ‘जीसीबी’ या तुलनेने बऱ्या प्रकारात न बसणारी गाठ. त्यातल्याच एका घराविषयी लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई अठ्ठावन्न वर्षांच्या, अंगणवाडी सेविका. मानेत आणि काखेत गाठी. मुलगा एकटाच माझ्याकडे आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, यात पाच वर्षं फक्त सोळा टक्के लोक जगतात. तेवढ्यासाठी आईला केमोचे हाल कशाला? मामा म्हणतोय गावी घेऊन या. आणि आईला यातलं काही कळू द्यायचं नाही.”

सोळाचा आकडा कुठे मिळाला, तो दाखव म्हटलं. आकडा खराच होता, पण 2000 सालच्या संशोधनातला. त्या वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी या आजारातली जनुकं तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून दोन वेगळ्या प्रकारच्या आहेत, हे तेव्हा कळलं : जीसीबी (जर्मिनल सेंटर बी-सेल) आणि एबीसी (ॲक्टिव्हेटेड बी-सेल). पाच वर्षांनंतर जीसीबी गटातले 76 टक्के रुग्ण हयात होते, एबीसीतले 16 टक्के. पण रुग्ण होते जेमतेम चाळीस, आणि त्यांच्या उपचारात रिटुक्सिमॅब नव्हतं. हे औषध जुन्या ‘चॉप’ केमोला जोडल्याने जगण्याचं प्रमाण वाढतं, हे 2002 मध्ये सिद्ध झालं. तोच आजचा ‘आर-चॉप’. 2008 मध्ये आर-चॉप घेतलेल्यांचा अभ्यास आला, त्यात तीन वर्षांनी जीसीबीचे 84 टक्के आणि एबीसीचे 56 टक्के रुग्ण हयात होते. फरक आहेच, तो मी त्याच्यापासून लपवला नाही. पण सोळाच्या भरवशावर आईची केमो नाकारायला निघालेल्या मुलाला हा दुसरा आकडा कळायलाच हवा होता.

आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. त्याच्या आईची जनुकं कुणी तपासलीच नव्हती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हॅन्स पद्धत वापरतात : सीडी10, बीसीएल6 आणि एमयूएम1 ही तीन प्रथिनं रंगवून पाहायची आणि गाठ जीसीबी आहे की नाही ते ठरवायचं. ‘नाही’ आलं की नॉन-जीसीबी. त्यात एबीसी असते, तशीच कुठल्याच गटात न बसणारीही असते. जनुक तपासणीशी हे उत्तर दर वेळी जुळतं असंही नाही. या पद्धतीने गट पाडल्यावर काही अभ्यासांत जगण्यात फरक दिसला, काहींत दिसलाच नाही.

शिवाय डॉक्टर वय, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम), स्टेज, रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद आणि ग्रंथींबाहेर किती जागी आजार पोहोचलाय, हेही बघतात. त्याच्या आईंचा आजार दुसऱ्या स्टेजचा, एलडीएच नॉर्मल, आणि आजारी पडेपर्यंत त्या रोज चालत अंगणवाडीत जात होत्या. हे सगळं त्याच रिपोर्टांच्या फाईलमध्ये होतं. त्याच्या नजरेला मात्र एकच ओळ दिसत होती.

मी त्याला डॉक्टरांसाठी दोनच प्रश्न लिहून दिले. पहिला, एमवायसी आणि बीसीएल2 या जनुकांसाठी फिश तपासणी (जनुकांची जागा बदलली आहे का ते पाहणारी चाचणी) झाली का? या दोन्ही जनुकांत उलथापालथ असेल तर त्याला ‘डबल हिट’ म्हणतात, आणि तेव्हा अनेक डॉक्टर आर-चॉपपेक्षा तीव्र केमोचा विचार करतात. माझ्या मते नॉन-जीसीबीच्या धास्तीत रात्री जागवण्यापेक्षा हा प्रश्न वेळेवर विचारणं जास्त गरजेचं आहे. दुसरा, उपचार आजार मुळापासून घालवण्यासाठी आहेत का? फिशमध्ये काही निघालं नाही. दुसऱ्याचं उत्तर होतं, “हो, त्यासाठीच.”

मामांनी मग जमीन विकून नवं औषध द्यायचा आग्रह धरला. ते औषध म्हणजे पोलाटुझुमॅब. ते घातलेल्या उपचाराचे निकाल 2022 मध्ये आले. दोन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण आर-चॉपच्या 70 वरून साधारण 77 टक्क्यांवर गेलं, पण एकूण किती जण जगले त्यात ठोस फरक दिसला नाही. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितल्यावर जमिनीचा विषय थांबला.

राहिला आईंना सांगण्याचा प्रश्न. मुलाला बाहेर बसवून मी त्यांना विचारलं, “तुम्हाला किती माहिती हवी आहे?” त्या म्हणाल्या, “गाठ माझी, आणि कुजबुज सगळी स्वयंपाकघरात. बरं करायला देतायत की दिवस ढकलायला, एवढं सांगा.” बरं करायला, हे त्यांनी नंतर डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, मुलगा शेजारी असताना. टक्के त्यांनी विचारले नाहीत. त्यांना हवे होते केमोचे वार, म्हणजे बदलीच्या सेविकेची सोय करता येईल.

दर एकवीस दिवसांनी एक, अशा केमोच्या सहा सायकल झाल्या. तिसरीनंतर तोंड आलं, एकदा पांढऱ्या पेशी घसरून ताप आला, भरती व्हावं लागलं. शेवटच्या पेट स्कॅनमध्ये आजार दिसला नाही. पहिल्या दोन वर्षांत तो परत येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तपासण्या चुकवू नका असं मी दोघांनाही बजावलं आहे. मुलगा अजून विचारतो, “परत आला तर?” तेव्हा दुसऱ्या फळीची केमो आणि स्वतःच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण आहे, कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडायचा उपचार) आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या भारतीय कार-टीला 2023 मध्ये परवानगी मिळाली. तिचा खर्च आजही बहुतेक घरांना झेपणारा नाही, हेही मी त्याला सांगितलं.