रिपोर्टातली 'वाढ'

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे वय ४४. वर्षभर पाळीचा मेळ नाही. कधी २० दिवसांनी, कधी दीड महिन्याने, आणि आली की आठ-दहा दिवस अंगावरून जाते. मागच्या पाळीपासून २६व्या दिवशी क्युरेटिंग झाले. रिपोर्टात 'प्रोलिफरेटिव्ह एंडोमेट्रियम, नो अटिपिया, नो मॅलिग्नन्सी' असे आहे. मुलाने मोबाइलवर पाहिले, तर प्रोलिफरेशन म्हणजे पेशींची वाढ! जाऊबाई म्हणतात, वाढ आहे तर पिशवी काढूनच टाक. डॉक्टर 'नॉर्मल आहे' एवढेच बोलले. वाढही आणि नॉर्मलही, हे कसे? – एक भगिनी, कराड

उत्तर : ताई, आधी जाऊबाईंना चहा द्या आणि पिशवी काढायचा विषय तूर्त मिटवा. पेशी विचित्र दिसत नाहीत, कॅन्सर नाही, हे त्या रिपोर्टाने स्पष्ट लिहिले आहे. 'प्रोलिफरेटिव्ह' हे रोगाचे नाव नाही, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याचे आहे.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तराचा वरचा थर गळून जातो, तळाचा राहतो. बांधावरची हरळी कितीही खुरपा, मुळी राहिली की पुन्हा हिरवी होते, तसे. इस्ट्रोजेन या हार्मोनच्या जोरावर तळातून नवे अस्तर वर येते. या दिवसांत मायक्रोस्कोपखाली ग्रंथी सरळ नळ्यांसारख्या असतात; आडव्या कापल्या गेल्या की बांगड्या पसरल्यागत गोल दिसतात. भिंतीत जांभळी केंद्रके दाटीवाटीने एकमेकांवर चढलेली, आणि मधूनच एखादी पेशी दुभंगताना सापडते. हीच ती वाढ. दुसऱ्या एखाद्या अवयवात इतक्या पेशी दुभंगताना दिसल्या असत्या तर माझ्याच पोटात गोळा आला असता. इथे त्या दिसायलाच हव्यात.

बीज सुटले की दोनेक दिवसांत चित्र पालटते. प्रत्येक केंद्रकाखाली एक पांढरा थेंब येतो आणि सगळी केंद्रके एका ओळीत वर उचलली जातात, पंगतीला पाट मांडून बसवल्यासारखी. थेंबात ग्लायकोजेन असते. स्लाइड बनवताना ते विरघळते, म्हणून जागा कोरी दिसते. ३१ वर्षे स्लाइडी पाहिल्या, तरी ही पंगत आली की मी क्षणभर थांबायचेच. पुढे थेंब वर सरकून नळीत रिते होतात, नळ्यांना करवतीसारखे दाते पडतात. नॉयस, हर्टिग आणि रॉक या अमेरिकेतल्या तिघांनी १९५० मध्ये याचे दिवसवार वर्णन मांडले. त्यावरून बीज सुटून किती दिवस झाले, याचा अंदाज स्लाइड पाहून बांधता येतो. पहिल्या पंधरवड्याला मात्र इतकी नेमकी तारीख लागत नाही.

आता तुमचा २६वा दिवस. एरवी तोवर पंगत कधीच उठून गेलेली असायला हवी. तुमच्या स्लाइडवर अजून सरळ नळ्याच आहेत. म्हणजे त्या महिन्यात तोवर बीज सुटले नसावे. चाळिशीनंतर असे महिने वाढत जातात. बीज नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर तयार होणारे दुसरे हार्मोन, नाही. एकटे इस्ट्रोजेन अस्तराला खतपाणी घालत राहते. मग ते जाड होते, तग धरत नाही आणि जमेल तिथून ढासळू लागते. तुमचे ते आठ-दहा दिवस बहुधा यातलेच. पेशी नॉर्मल, बिघडले आहे ते वेळापत्रक. असेच बरेच दिवस चालले तर मात्र नळ्या एकमेकींना खेटू लागतात, आणि तो रिपोर्ट वेगळा असतो. तेव्हा दुर्लक्ष नको. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी करून घ्या. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन चालेल का, ते तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

एक जुनी तक्रार सांगते. लॅबमध्ये क्युरेटिंगच्या तुकड्यांची बाटली यायची, तुकडे टिकवायचे फॉर्मालिन बरोबर, नाव बरोबर, आणि 'शेवटच्या पाळीची तारीख' हा रकाना हमखास कोरा. तारखेशिवाय मीसुद्धा 'प्रोलिफरेटिव्ह' एवढेच लिहून मोकळी व्हायचे. तुमच्या रिपोर्टातही दिवसाचा उल्लेख दिसत नाही. दाखवायला जाल तेव्हा रिपोर्टाच्या डोक्यावर पेनाने '२६वा दिवस' लिहून न्या, आणि डॉक्टर कितीही घाईत असले तरी आधी तिथेच बोट ठेवा.