मानांकन घसरले, उत्साह ओसरला: एका हौशी बुद्धिबळपटूस उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 44, बारा वर्षांपासून मानांकन स्पर्धा खेळत आहात, मार्च 2024 मध्ये 1640 असलेले मानांकन (स्पर्धांतील निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा) आता 1548 वर आले आहे, आणि मागच्या स्पर्धेत दहा-अकरा वर्षांच्या दोन मुलांकडून आपण लागोपाठ हरलात. पट मांडण्याची इच्छाच होत नाही, असे आपण म्हणता. मात्र रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव चालू असतात, हेही आपणच सांगता. पुढच्या महिन्यातील स्पर्धेची प्रवेश फी भरून झाली आहे, आणि खेळ सोडून द्यावा का, असे आपण विचारले आहे.

मी आपल्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा आहे आणि मानांकनात 1800 कधीच ओलांडू शकलो नाही, त्यामुळे हे उत्तर एका हौशी खेळाडूने दुसऱ्या हौशी खेळाडूला दिलेले आहे, असेच समजावे. ज्याला खेळाचा खरोखर वीट आला आहे तो रात्री एक वाजेपर्यंत जागत नाही. म्हणून आपला उत्साह ओसरला आहे हे मान्य करूनही तो नेमका कशावरचा ओसरला, हे आधी पाहिले पाहिजे.

प्रथम त्या आकड्याकडे पाहू. 1 मार्च 2024 रोजी फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, 2000 गुणांच्या खालची सर्व मानांकने एकदम वर उचलली. 2000 पासून जितके अंतर होते त्याचे चाळीस टक्के प्रत्येकाच्या मानांकनात मिळवले गेले. म्हणजे आपले 1640 हे त्या दिवशीचे असेल, तर त्यापूर्वी ते 1400 होते आणि एकही डाव न खेळता आपल्याला 240 गुण मिळाले. त्या दिवशी आपण पेढे वाटले नसतील, कारण आपला खेळ रातोरात सुधारलेला नाही हे आपल्याला पक्के ठाऊक होते. मग त्यानंतर गेलेल्या 92 गुणांचे इतके सुतक कशासाठी? प्रौढ आणि प्रस्थापित खेळाडूसाठी फिडेचा गुणक, म्हणजे एका डावाच्या निकालाने मानांकन किती हलायचे ते ठरवणारा आकडा, 20 असतो. 92 ला 20 ने भागले की 4.6 येतात. इतक्या काळात, जे काही डाव आपण खेळला असाल त्या सर्वांत मिळून, मानांकनावरून जितके अपेक्षित होते त्यापेक्षा आपण डावांचे गुण (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा) साडेचारच्या आसपास कमी मिळवले, एवढाच त्या घसरणीचा अर्थ. हातात आलेले पाच डाव घाईने घालवले तरी एवढे होते.

मुलांचे गणित निराळे आहे. अठरा वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, आणि मानांकन 2300 च्या खाली असेपर्यंत, त्यांचा गुणक 40 असतो, आणि तरीही त्यांचे मानांकन त्यांच्या खेळाच्या मागे धापा टाकत येत असते, कारण रोज दोन-तीन तास शिकवणीत बसणारा मुलगा दोन स्पर्धांच्या मधल्या सुट्टीतच पुष्कळ बलवान झालेला असतो. आपल्यासमोर 1480 म्हणून बसलेला मुलगा त्या दिवशी 1480 चा नसतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैमध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा मुली आणि मुले ज्या गावांत तयार होतात, त्या गावांतील स्पर्धांत नोकरी सांभाळून खेळणाऱ्या माणसाने दर वर्षी मानांकन वाढवण्याची अपेक्षा धरणे मला मुळातच अवास्तव वाटते. हरण्यात कमीपणा नाही, असे मी म्हणणार नाही; दहा वर्षांच्या मुलाने डाव जिंकून, सही करून, आईकडे धावत जावे आणि आपण सोंगट्या पुन्हा मांडत बसावे, हे झोंबतेच.

माझ्या मते दुखणे त्या आकड्यापेक्षा मोबाईलमध्ये अधिक आहे. एक परीक्षा करून पाहा: गेल्या आठवड्यात मोबाईलवर खेळलेल्या डावांपैकी कोणत्याही एका डावातील एक स्थिती, पडदा न उघडता, पटावर मांडून दाखवा. मी साधारण पन्नाशीत असताना माझाही उत्साह असाच आटला होता आणि एका रविवारी ही परीक्षा मी स्वतःची घेतली. एकही स्थिती आठवली नाही. उलट 1987 मध्ये सांगलीत, महाविद्यालयात असताना, पावसाळ्यात खेळलेला एक डाव मला आजही अखेरपर्यंत मांडता येतो. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या खटपटीने त्या गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, आणि तिथे हरणाऱ्याचा डावही लोक उभे राहून पाहत असत. हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध माझा नुसता हत्ती, अशी अखेर होती. हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या रांगेवर धरून ठेवायचा, समोरच्या राजाला ती रांग ओलांडू द्यायची नाही, आणि प्यादे त्या रांगेवर आले की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे, हा बचाव फिलिडॉर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात दाखवून ठेवला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी तो चाचपडत शोधला, बहुधा चौथ्या प्रयत्नात, आणि डाव बरोबरीत सुटला. त्या अर्ध्या गुणाने माझे काहीही झाले नाही, कारण तेव्हा मला मानांकनच नव्हते. पण त्यानंतरची कित्येक वर्षे मी त्या संध्याकाळच्या जोरावर खेळलो.

तीन मिनिटांच्या डावात असे काही घडण्याची सोयच नसते. तिथे हात जिंकतो किंवा हरतो, आणि डाव संपताच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकीय प्रोग्राम, लाल खुणा करून सांगते की अकराव्या चालीला आपण चुकलात. म्हणजे प्रश्न पडण्यापूर्वीच उत्तर समोर येते. मी जलद डावांच्या विरुद्ध नाही, तरुणपणी चहाच्या पैजेवर पुष्कळ खेळलो आहे, पण तेव्हा समोर माणूस होता, हसणे होते, आणि टपरी बंद झाली की खेळही बंद होत असे.

काही महिने विश्रांती घ्या, असा सल्ला आपल्याला अनेकजण देतील. मी आठ महिने घेतली होती. परतल्यावर तीच स्पर्धा, तोच मोबाईल आणि तोच आकडा समोर ठेवला, आणि पंधरा दिवसांत मूळ पदावर आलो. त्यापेक्षा मॅग्नस कार्लसनचे उदाहरण उपयोगी आहे. 2013 पासून जगज्जेता असलेल्या या खेळाडूने 2022 च्या जुलैमध्ये पुढची जगज्जेतेपदाची लढत खेळण्याची आपल्याला इच्छा उरलेली नाही असे उघडपणे सांगितले आणि मुकुट सोडून दिला. बुद्धिबळ मात्र सोडले नाही, इतर स्पर्धा तो खेळतच राहिला. खेळाचा जो भाग नकोसा झाला होता तेवढाच त्याने वेगळा काढला, आणि आपण तर मुकुटाच्या ओझ्याखालीही नाही.

मी स्वतः असे केले. मोबाईलवरचे खाते बंद केले. आठवड्यातून एकदा, शेजारच्या निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर, घड्याळाशिवाय एकच डाव, आणि डावानंतर अर्धा तास त्याच डावावर गप्पा, असा नेम धरला. त्यांचे आजोबा जुन्या देशी नियमांनी खेळत, ज्यात राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाते. कधीकधी आम्ही तसेही खेळतो. काळ्या मोहऱ्यांनी मी वीस वर्षे सिसिलियन बचावाचा नायडॉर्फ हा प्रकार खेळत असे; डाव सुरू करण्याची ती एक पद्धत. त्याच्या शाखा पाठ राहीनाशा झाल्यावर तो निमूटपणे सोडला आणि कारो-कान हा दुसरा बचाव धरला, ज्यात स्मरणशक्तीवाचून फारसे अडत नाही. आपल्या वयात हा बदल उशिरा नव्हे, वेळेवर ठरेल.

एकट्याने बसायचे असेल तर रिचर्ड रेती या बुद्धिबळपटूने 1921 मध्ये रचलेली एक अखेर मांडा. (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या ओळी ए ते एच, आणि त्याच्या बाजूने आडव्या रांगा 1 ते 8.) पांढरा राजा एच8 वर, पांढरे प्यादे सी6 वर. काळा राजा ए6 वर, काळे प्यादे एच5 वर. चाल पांढऱ्याची, आणि बरोबरी साधायची आहे. काळे प्यादे दोन घरे पुढे निघून गेले आहे आणि आपले प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे, असे दिसते, आणि तरीही पांढरा राजा जी7, एफ6 असा तिरका उतरत जातो तेव्हा प्रत्येक पावलागणिक तो दोन्ही प्याद्यांकडे एकाच वेळी निघालेला असतो. काळ्याने आपले प्यादे पळवले तर राजा स्वतःच्या प्याद्याला गाठतो. काळ्याने राजा हलवून वेळ घालवला तर पांढरा राजा काळ्या प्याद्याला गाठतो. इंजिनाला न विचारता प्रत्येक फांदी हाताने हलवून तपासा. एवढ्या चार मोहऱ्यांत आपली संध्याकाळ गेली, तर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्यालाच मिळालेले असेल. आणि ती मांडतानाही जांभई आली, तर मग खरोखर सोडा. बारा वर्षे मनापासून जोपासलेला छंद संपला म्हणून कोणी आपल्याला जाब विचारणार नाही.

राहिला पुढच्या महिन्याच्या स्पर्धेचा प्रश्न. प्रवेश फी भरली आहे हे खेळायला जाण्याचे कारण होऊ शकत नाही, ते पैसे गेलेलेच समजा. जोड्यांच्या फलकावर समोरच्याचे मानांकन न वाचता नुसता पट क्रमांक पाहून जागेवर जाऊन बसता येईल असे वाटत असेल, तर जा, आणि प्रत्येक डावाची नोंद घरी आणून इंजिन उघडण्यापूर्वी आपल्या हाताने त्यावर दोन ओळी लिहा. तसे वाटत नसेल तर जाऊ नका. मात्र पहिल्या फेरीच्या जोड्या लागण्यापूर्वी आयोजकांना कळवा, नाहीतर कोणीतरी दहा वर्षांचा मुलगा घड्याळ चालू करून तासभर रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसेल.