हेलियम आणि आर्गन दोन्ही निष्क्रिय, मग एक फुग्यात आणि एक वेल्डिंगला का?

तुमचा प्रश्न वाचला. बारावीच्या पुस्तकात हेलियम आणि आर्गन एकाच गटात, 18 व्या, दोघंही कशाशी संयोग करत नाहीत, मग "दोघांच्या गुणधर्मांची तुलना करा" म्हटल्यावर लिहायचं तरी काय, आणि फुग्यात आर्गन न् वेल्डिंगला हेलियम असं उलटं का नाही चालत. मी काय केमिस्ट्रीचा माणूस नाही, आयटीआय करून वेल्डर झालो, कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि 16 वर्षं रोज सकाळी आर्गनची टाकी उघडतोय. (पुस्तकात अरगॉन असतं, आमच्यात सगळे आर्गनच म्हणतात, तसंच लिहितो.) त्यामुळं उत्तर जरा वर्कशॉपच्या बाजूनं येईल, चालवून घ्या.

केमिस्ट्रीचं आधी उरकतो कारण तिथं फार काही नाहीच. हेलियमकडे 2 इलेक्ट्रॉन, आर्गनकडे 2, 8, 8, दोघांचीही बाहेरची कक्षा फुल्ल, त्यामुळं कुणाकडनं घ्यायचं नाही कुणाला द्यायचं नाही. आर्गन हे नावच ग्रीकमधल्या 'आळशी' अर्थाच्या शब्दावरनं पडलंय. तरी 2000 साली हेलसिंकीत संशोधकांनी भयंकर थंडीत आर्गन, हायड्रोजन आणि फ्लोरिन यांचं एक संयुग बनवून दाखवलंच, म्हणजे दोघांत जास्त हट्टी कोण विचारलं तर हेलियम. बास. खरा फरक वजनात, उष्णता वाहून नेण्यात आणि वीज अंगातनं जाऊ देण्यात आहे, आणि पुस्तकात नेमकं हेच एका तक्त्यात कोंबून टाकलेलं असतं.

वजनाचं सांगतो. हेलियमचं अणुवस्तुमान 4, आर्गनचं 40. दोन्ही वायू सुट्ट्या अणूंचे, त्यामुळं अव्होगॅड्रोच्या नियमानं एकाच मापाच्या डब्यात दोघांचे अणू सारखेच, म्हणजे आर्गन बरोबर दहापट जड. शून्य अंशाला एक लिटर हेलियम 0.18 ग्रॅम, हवा 1.29, आर्गन 1.78. हवा मधे, एक तिच्यावर तरंगणार, दुसरा तिच्याखाली बसणार. फुग्यात आर्गन भरलात तर फुगा फरशीवर लोळेल, विषय संपला. (रंकाळ्यावर विकतात त्या फुग्यात हेलियमच असेल असं समजू नका हं, बरेच फुगेवाले स्वस्तात पडतो म्हणून हायड्रोजन भरतात आणि तो पेट घेतो, पोराच्या हातात देताना काडी-बिडीपासनं लांब.)

हे मला पाठ करून नाही कळलं, नुकसान करून कळलं. दुधाच्या प्लँटचं स्टेनलेस पाइपचं काम होतं, त्यात बाहेरनं वेल्डिंगचा टाका मारताना पाइपच्या आतपण आर्गन भरून ठेवावा लागतो, नाहीतर आतला जोड हवेतल्या ऑक्सिजननं जळतो. उभा पाइप, दोन्ही तोंडं बंद, एकीकडनं गॅस आत आणि दुसरीकडं हवा बाहेर जायला बारीक भोक. नवीन पोरगं होतं, त्यानं नळी वरनं लावली आणि भोक खाली ठेवलं. फ्लोमीटरवर (गॅस किती वाहतोय ते दाखवणारं मापक) गोळी व्यवस्थित वर, सगळं बरोबर दिसतंय, आणि जोड कापून बघितला तर आतनं काळाकुट्ट, जळालेल्या साखरेसारखा खरखरीत. पोरगं म्हणतंय, "दादा, गॅस तर चालूच हाय की, मग काळं कशानं झालं?" अरे, आर्गन जड, वरनं सोडलेला तो सरळ खालच्या भोकातनं निघून गेला आणि वरची हवा तिथंच बसून राहिली! नळी खाली आणि भोक वर केलं की आर्गन पाण्यासारखा तळापासनं भरत येतो आणि हवेला वर ढकलत बाहेर काढतो. हेच काम हेलियमनं करायचं असतं तर त्या पोराचं बरोबर ठरलं असतं, कारण हेलियम वरनं साठत येतो. चार जोड परत कापले, पाइप वाया, पण घनता काय असते ते आमच्या वर्कशॉपमधे तेव्हापासनं कुणाला शिकवावं लागलं नाही.

आता वेल्डिंगला हेलियम का नाही. टिग म्हणजे टंगस्टनची सळी वापरून, जोडावर निष्क्रिय वायूचं पांघरूण ठेवून करायचं वेल्डिंग. त्यात टंगस्टनच्या टोकातनं आर्क (विजेची सलग ठिणगी) निघते, म्हणजे मधल्या गॅसच्या अणूतनं इलेक्ट्रॉन सुटावा लागतो तेव्हा वीज वाहते. पहिला इलेक्ट्रॉन सोडवायला आर्गनला 15.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, हेलियमला 24.6, अख्ख्या आवर्तसारणीत सगळ्यात जास्त. कारण हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन केंद्रकाला चिकटून पहिल्याच कक्षेत, आर्गनचे बाहेरचे तिसऱ्या कक्षेत लांब. परीक्षेत याला आयनन ऊर्जा म्हणतात, आमच्याकडं म्हणतात "आर्क धरंना". आर्गनमधे टॉर्च (वेल्डिंगचं हातात धरायचं हत्यार) जवळ नेलं की आर्क चटकन धरते आणि शांत राहते, हेलियममधे फडफडते. शिवाय हेलियम हलका, नोझलमधनं सुटला की वर पळतो, म्हणून जोड झाकायला आर्गनच्या दुप्पट-तिप्पट फ्लो ठेवावा लागतो. डोक्यावरचं वेल्डिंग असेल तर मात्र तोच वर पळणं फायद्याचं.

पण हेलियम निकामी आहे असं नाही राव. एकदा आर्क धरली की त्याच करंटला त्याच्यात व्होल्टेज जास्त राहतं म्हणजे उष्णता जास्त, आणि वर तो उष्णता वाहून नेतो आर्गनच्या साधारण आठपट. जाड ॲल्युमिनियम किंवा तांबं असलं की आर्गनची उष्णता धातूच पिऊन टाकतो, टाका वर वर बसतो, आत जात नाही, तिथं आर्गनमधे हेलियम मिसळून वापरतात. गाडीचा फुटलेला इंजिन केस घेऊन येतात त्या पोरांना मी आर्गनवरच टाका मारून देतो, तेवढ्याला तो पुरतो.

किमतीचं कारणही गुणधर्मातच दडलंय. आपण श्वास घेतो त्या हवेत आर्गन 0.93 टक्के, म्हणजे शंभर लिटर हवेत जवळजवळ एक लिटर, तो हवा थंड करून वेगळा काढतात. उकळतो उणे 186 अंशाला, ऑक्सिजन उणे 183 ला, इतके जवळजवळ की वेगळं करताना दमछाक होते, पण जमतं. हेलियम दहा लाख लिटर हवेत जेमतेम 5 लिटर. तो येतो जमिनीतल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारी क्षयातनं, नैसर्गिक वायूबरोबर सापडतो, आणि एकदा सुटला की इतका हलका की हळूहळू पृथ्वी सोडून जातो, परत येत नाही. तो उकळतो उणे 269 ला, सगळ्या मूलद्रव्यांत सगळ्यात खाली, आणि साध्या दाबाला कितीही थंड करा गोठतच नाही. म्हणून तर एमआरआय मशिनचं चुंबक थंड ठेवायला द्रव हेलियम लागतो, तिथं आर्गनचा उपयोग शून्य, तो उणे 189 लाच दगड होऊन बसेल.

जाता जाता एक. आपल्याकडनं गगनबावडा उतरून विजयदुर्गला गेलात तर किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते चौथरे दाखवून हमखास सांगतात की लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं 1868 च्या ग्रहणात इथनंच हेलियम शोधला. लिहायचं झालं तर जपून लिहा. 18 ऑगस्ट 1868 ला ग्रहण बघायला जान्सन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला होता, लॉकियर त्या वेळी इंग्लंडमधेच, त्यानं सूर्याच्या प्रकाशातली, हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा ऑक्टोबरमधे तिकडनं बघितली. विजयदुर्गला तो आला जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. म्हणजे ओटे खोटे नाहीत, साल वेगळं. आर्गन 1894 मधे रॅले आणि रॅमसे या शास्त्रज्ञांना सापडला, हवेतला नायट्रोजन प्रयोगशाळेतल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड का भरतोय हे शोधताना. परत वजनच!

आणि आर्गन विषारी नाही, वास नाही, म्हणून कुणी टाकीत किंवा खड्ड्यात उतरून वेल्डिंग करत असेल तर त्याला सांगा. तो तळाला साठतो आणि माणूस ऑक्सिजनवाचून न कळता आडवा होतो. आम्ही टाकीत माणूस उतरायच्या आधी ब्लोअरची नळी पार बुडाशी सोडतो आणि एक गडी झाकणापाशी बसवतो, चहालासुद्धा उठायचं नाही म्हणून.