केसांभोवतीची निळी कड आणि चुन्याच्या भिंतीपुढचं धोतर

या वेळी फोटोतून माणूस वेगळा काढण्याबद्दलची पत्रं जास्त आहेत. उत्तरांतली मेनूची नावं गिंप या फुकट मिळणाऱ्या फोटो-एडिटिंग प्रोग्रामच्या २.१० आवृत्तीतली आहेत. फोटोशॉपमध्ये काही वेगळं करावं लागत असेल तर तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : समुद्रावर काढलेल्या फोटोतून मुलीला कापून लाल बॅकग्राउंडवर ठेवलं, तर मोकळ्या केसांभोवती निळसर कड दिसते. इरेझर फिरवला की कडेबरोबर केसही जातात. काय करावं? (मालवण)

आधी इरेझर बाजूला ठेवा. त्याने पुसलेलं फाइल बंद केल्यावर परत मिळत नाही. लेअर मास्क, म्हणजे फोटोच्या थरावरचा न पुसता लपवणारा पडदा, लावला तर काळ्या ब्रशने लपवलेलं पांढऱ्या ब्रशने केव्हाही परत आणता येतं.

आता कडेबद्दल. बारीक केसांच्या टोकांशी एकेका पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडं आकाश असा मिसळलेला रंग असतो. निवड कितीही नेमकी केली तरी तो निळा केसांबरोबर येणारच. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं: आधी केसांचा मास्क, मग कडेचा रंग.

मास्कसाठी चॅनल्सची (फोटोतला एकेक मूळ रंग वेगळा दाखवणारी) खिडकी उघडा आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल एकेक करून पाहा. काळे केस आणि निळं आकाश असेल तर निळ्या चॅनलमध्ये आकाश जवळजवळ पांढरं आणि केस काळे दिसतात, म्हणजे फरक तिथेच सर्वांत जास्त. त्या चॅनलवर राइट क्लिक करून डुप्लिकेट करा. ही प्रत निवडलेली असताना कलर्समधून लेव्हल्स उघडा, डावा त्रिकोण उजवीकडे आणि उजवा डावीकडे सरकवा. इथे बहुतेकांचा हात जास्त चालतो. केसांच्या टोकांशी करडा रंग शिल्लक राहायला हवा. तो अर्धपारदर्शक केस आहे. सगळं कडक काळं-पांढरं केलंत तर केस कात्रीने कापलेल्या कागदासारखे दिसतील.

मग इन्व्हर्ट करा, म्हणजे केस पांढरे होतील. चेहरा आणि अंग पांढऱ्या ब्रशने भरा, उरलेला समुद्र आणि वाळू काळ्याने. चॅनलवर राइट क्लिक करून ‘चॅनल टू सिलेक्शन’ घ्या, त्या प्रतीचा डोळा बंद करा आणि लेअर्समध्ये जाऊन मूळ लेअरवर क्लिक करा. हे शेवटचं क्लिक विसरलं की पुढचं सगळं काम चॅनलवरच होतं आणि फोटोत काहीच बदलत नाही. आता ‘अ‍ॅड लेअर मास्क’मध्ये ‘सिलेक्शन’ हा पर्याय निवडा. त्यानंतर सिलेक्ट मेनूतून ‘नन’ करून निवड काढून टाका.

राहिला रंग. लेअर्समध्ये मास्कच्या नव्हे, फोटोच्या छोट्या चित्रावर क्लिक करा. दाट केसांतला रंग ड्रॉपरने उचला, ब्रशचा मोड ‘डार्कन ओन्ली’ आणि ओपॅसिटी ३० ते ४० टक्के ठेवून कडेवरून हलका हात फिरवा. उजळ निळा गडद होत केसांत मिसळतो, मुळात काळे असलेले केस तसेच राहतात. फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्ट अँड मास्क’मध्ये ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ हेच काम आपोआप करतं. फक्त ते १०० टक्क्यांवर ठेवू नका, केसांच्या कडा डागाळतात.

प्रश्न : आजोबांचा फोटो आहे. पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि मागे चुन्याची भिंत. फझी सिलेक्टने भिंतीवर क्लिक केलं की अर्धं धोतरही निवडलं जातं. (बार्शी)

जाणारच. हे टूल फक्त रंगातला फरक मोजतं, आणि तुमच्या फोटोत भिंत आणि धोतर यांतला फरक भिंतीच्याच दोन डागांतल्या फरकापेक्षा कमी असणार. थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकापर्यंतचा रंग निवडायचा तो आकडा, १५ वरून ५ वर आणलात तर भिंतीवर ठिपके राहतील, ३० वर नेलात तर टोपी जाईल. इथे बिंदू जोडत कड आखणारं पाथ टूल वापरा; त्यासाठी कीबोर्डवरची ‘B’ ही कळ.

कड नीट दिसावी म्हणून लेअरची प्रत वर ठेवून तिच्यावर कर्व्ह्जने उजळ भाग बराच गडद करा. धोतराच्या चुण्या आणि भिंत वेगळी दिसू लागेल. २०० टक्के झूम करून कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून बिंदू टाका. जिथे रेषा वळते तिथेच बिंदू, आणि ओढून वळण द्या. दर बोटभर अंतरावर बिंदू टाकले की कड खडबडीत होते. शेवटी कंट्रोल धरून पहिल्या बिंदूवर क्लिक केलं की पाथ बंद होतो, एंटर दाबलं की निवड होते. हात आणि कमरेमधली फट वेगळ्या पाथने आखून कंट्रोल-एंटरने वजा करा. फेदर (निवडीची कड मऊ करणं) १ पिक्सेल पुरे. मग कर्व्ह्जची प्रत काढून मूळ लेअरवर मास्क लावा. फोटोशॉपमध्ये पेन टूल आणि कंट्रोल-एंटर. तिथे कंट्रोल-एंटर म्हणजे पाथची निवड, वजाबाकी नव्हे.

प्रश्न : कापलेला फोटो पीएनजीत सेव्ह केला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर बॅकग्राउंड परत आलं. (वाई)

फोटो म्हणून पाठवला की त्याची जेपीजी होते, आणि जेपीजीत पारदर्शकता नसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मास्क पुढे लागणार असेल तर गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइलही जपून ठेवा.

प्रश्न : मोबाइलमध्ये एका टचने माणूस कापला जातो. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी तेवढं पुरे का? (लांजा)

स्टिकरसाठी पुरे. फ्लेक्सवर मात्र गजऱ्याची फुलं, नथ, मुंडावळ्या आणि बोटांमधल्या फटी उघड्या पडतात. मशीन तिथेच हमखास चुकतं. सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेलने धरला तरी फाइल ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलची होते. म्हणून मूळ फोटो घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला नको. मोबाइलने कापलेली आकृती मूळ आकारातच मिळत असेल तर गिंपमध्ये मूळ फोटोवर तंतोतंत बसवा, तिच्यावर राइट क्लिक करून ‘अल्फा टू सिलेक्शन’ घ्या, मग मूळ लेअरवर मास्क करून चुका ब्रशने दुरुस्त करा. आणि पायाखाली सावली टाका, मूळ फोटोत उजेड ज्या बाजूने येतो तिच्या उलट दिशेला. ती नसली की माणूस हवेत लटकलेला दिसतो, मग कड कितीही चांगली कापलेली असो.