कन्स्ट्रक्शन सेटमधून अंतर मोजणारं चाक बनवतोय. काटा थेट मीटर दाखवेल असे गिअर कोणते? सेन्सर लागेल का?

सेन्सर लागत नाही. आणि थेट मीटर दाखवणारे गिअर शोधत बसू नका, सेटमध्ये ते नसतात. लेगो टेक्निकचा ६२.४ मिमीचा टायर घेतलात तर परिघ १९६ मिमी. त्याच्या आसावर वर्म (स्क्रूसारखा आटे असलेला गिअर, एका फेऱ्यात समोरच्या गिअरचा एकच दाता सरकवतो), वर्मला ४० दात्यांचा गिअर, त्याच्या आसावर काटा. चाकाचे ४० फेरे झाले की काट्याचा एक, म्हणजे ७.८४ मीटर. २४ दात्यांचा लावला तर ४.७० मीटर. दहा मीटरला एक फेरा हवा असेल तर ५१ दाते लागतील, ते आणणार कुठून? रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने वर्णन केलेल्या गाडीत चाकाचा परिघ साडेबारा फूट आणि गिअरला ४०० दाते. बरोबर ५००० फुटांचा रोमन मैल भरला की डब्यात एक खडा पडायचा. तिथे दाते हवे तेवढे पाडता येत होते. आपण तबकडी कोरी ठेवायची, चाक टेपच्या कडेने चालवायचं आणि दर मीटरला काटा असेल तिथे पेन्सिलने खूण करायची.

हे ‘टेपच्या कडेने’ म्हटलं की आमचे भाऊजी उसळतात. इंजिनिअर आहेत. भाचीने असंच चाक केलं तेव्हा त्यांनी टायरवर छापलेला आकडा घेतला, कॅल्क्युलेटरवर पायने गुणला, दशांशाची चार स्थळं वहीत उतरवली आणि जाहीर केलं, की टेप लावायची गरजच नाही. मी म्हटलं, टायरला विचारलंत का? आतून पोकळ रबर आहे ते. दांड्यावर हाताचा भार आला की दबतं, आणि दबलेलं चाक एका फेऱ्यात कमी जमीन कापतं. व्यास जेमतेम एक मिलिमीटरने घटला तरी फेऱ्यामागे तीन मिलिमीटर जातात, शंभर मीटरला दीड मीटरच्या वर.

मग टेपने आखलेल्या शंभर मीटरवर भाचीने चाक फिरवलं. भाऊजींच्या हिशोबाने अंतर दीड मीटर जास्त निघालं. तर म्हणतात, “पोरीने वाकडं चालवलं!” पंचाईत अशी, की वाकडं चालवलं तरी अंतर जास्तच येतं, त्यामुळे त्यांना खोडून काढता येईना. शेवटी मी दोरी ताणून बांधली. भाचीने दोरीला धरून एकदा हलक्या हाताने चाक नेलं, एकदा दांड्यावर रेलून. रेलून नेलं तेव्हा फेरे जास्त भरले. रस्ता तोच, दोरी तीच. भाऊजींना नेमका तेव्हाच फोन आला.

तेव्हा खुणा करताना जो हात, जेवढा भार, तोच मोजतानाही ठेवा.

काटा परत शून्यावर कसा आणायचा ते आधीच ठरवा. वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे काटा बोटाने मागे ढकलता येत नाही. जोर लावलात तर दाते जातील. सेटमध्ये २४ दात्यांचा घसरणारा क्लच गिअर असेल तर तोच लावा, नाहीतर गिअर वर्मपासून सोडवता येईल अशी जागा ठेवा.

हो, आणि हे सगळं सपाट, खरखरीत जमिनीसाठी. गुळगुळीत फरशीवर चाक घसरलं तर अंतर कमी येतं. मातीत एवढंसं चाक प्रत्येक खळग्यात उतरतं आणि जास्त दाखवतं. विकतच्या मोजचाकांचा परिघ बहुधा एक मीटर, म्हणजे व्यास ३१८ मिमी असतो तो उगाच नाही. बिनटायरचं कडक चाक असेल तर व्यास गुणिले पाय चालेल, एवढं मान्य. पण व्यास कॅलिपरने मोजून घ्या. भाऊजी तिथेही छापलेलाच आकडा घेतील.