जातपंचायतीत झालेला काडीमोड न्यायालयात टिकतो का? रूढी आणि कायदा यांत शेवटी कोणाचे चालते?

टिकू शकतो, पण आपोआप नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क शाबूत ठेवला आहे; मात्र अशी रूढी आपल्या समाजात दीर्घकाळ, अखंडपणे आणि एकसारखी पाळली जात आली आहे, हे तिचा आधार घेणाऱ्या पक्षाने स्पष्टपणे मांडून पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले आहे. मुद्रांकावर दोघांच्या सह्या आणि चार पंचांचे अंगठे एवढ्यावर भागत नाही. रूढी सिद्ध झाली नाही, तर पहिला विवाह कायम ठरतो आणि त्यानंतर केलेले दुसरे लग्न रद्दबातल होते. याची झळ बहुधा त्या दुसऱ्या पत्नीलाच अधिक बसते.

अनुसूचित जमातींची गोष्ट वेगळी आहे. कलम २(२) नुसार केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हा अधिनियम त्यांना लागूच होत नाही, त्यामुळे भिल्ल किंवा गोंड दांपत्याच्या बाबतीत सामान्यतः जमातीची रूढी हाच कायदा ठरतो. मुस्लिमांसाठी १९३७ चा शरियत अधिनियम आहे, तर गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी संहिता चालते.

मात्र आपला निवाडा मानला नाही म्हणून पंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. पुनर्विवाहाचा विचार असेल, तर आधी कौटुंबिक न्यायालयातून काडीमोड वैध असल्याची घोषणा मिळवावी.