अडचणीतला मधला प्लग: हेड उतरवण्याआधी एवढं करून पाहा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. लांज्याची वॅगन आर, के-सीरिजचं तीन सिलिंडरचं 998 सीसीचं इंजिन, सीएनजी. सपाटीला ठीक चालते, पण गॅसवर आंबा घाट चढताना मिसिंग मारते, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही. ठिणगी देणारे स्पार्क प्लग बदलायला घेतले तर वर एअर फिल्टरचा डबा आणि मागे वायपरखालच्या पत्र्याची कड, त्यामुळे हात धड शिरत नाही. दोन प्लग कसेबसे निघाले, मधला पाव फेरा फिरून अडकला. गॅरेजमध्ये म्हणाले, हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल. दुसरा काही मार्ग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. पाव फेरा फिरलेला प्लग बहुतेक वेळा हेड जागेवर ठेवूनच निघतो. मात्र आता त्याच्यावर जोर लावू नका, आणि दुसऱ्या कुणाला लावूही देऊ नका. निघालेले दोन जुने प्लग आधी हातानेच परत लावून ठेवा. आपल्याकडच्या हवेत उघडं सिलिंडर दोन दिवस ठेवणं बरं नाही, शिवाय लाल माती आत पडली तर ती पिस्टनच्या रिंगांना खाते.

तो अडकला का, ते समजलं की पुढचं सगळं सोपं वाटेल. प्लगचं अंग लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना घट्ट टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल शिरली की त्यातला एक झिजत जातो. इथे झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची चुन्यासारखी पांढरी भुकटी आट्यांमध्ये बसते आणि प्लगला धरून ठेवते. म्हणजे तुमचा प्लग वाकडा नाही, आटेही अजून शाबूत असतील, फक्त ती भुकटी अडली आहे. जोराने फिरवलं तर हीच भुकटी कानशीसारखी आट्यांवरून घासत वर येते आणि येताना आटे घेऊन येते.

हे माझ्याच गाडीवर झालंय, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. माझी 2012 ची वॅगन आर, घर देवगडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. अंगणात सुरूची झाडं आहेत. त्यांचा पाला वायपरखालच्या जाळीत बसून पाणी जायच्या वाटा बुजल्या होत्या, आणि पावसाळाभर पाणी इंजिनावर ठिबकत होतं. मला पत्ताच नव्हता. हायवेवरच्या एका गॅरेजात प्लग बदलायला दिले. मधला सुटेना, तेव्हा तिथल्या मुलाने रॅचेट पान्याच्या दांड्यात हातभर पाईप घातला. प्लग निघाला, पण त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून आली होती. नवा प्लग त्याच भोकात कसातरी बसवून दिला. तीन आठवड्यांनी करूळ घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये चढताना, बॉनेटखाली फट्ट असा आवाज झाला आणि गाडी अर्ध्या ताकदीवर आली. प्लग त्याला वीज देणाऱ्या, वर बसणाऱ्या कॉइलसकट उडाला होता. बायको आणि आई गाडीत, मागे ट्रकांची रांग. तो दिवस मी विसरलेलो नाही.

ती गाडी पुढे कुडाळच्या एका वयस्क मिस्त्रींनी दुरुस्त केली आणि प्लग कसे काढायचे ते मला शेजारी उभं करून शिकवलं. मी रॅचेट हातात घेतला की म्हणायचे, "घाय कित्याक? तेका थोडो येळ दी." खाली लिहिलंय ते बरंचसं त्यांचं आहे.

पहिली गोष्ट, अडचणीच्या जागेत हात वाकवून काम करत बसू नका, अडचण दूर करा. अनेक जण एअर फिल्टरचा डबा नुसता उचलून बाजूला धरतात आणि खालून पाना घालतात. डबा पूर्ण काढा. 10 नंबरचे बोल्ट, थ्रॉटलकडे जाणारा क्लॅम्प, सेन्सरचा कप्लर आणि एक श्वासाची नळी, एवढंच असतं. थ्रॉटलच्या उघड्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. सीएनजीच्या सिलिंडरजवळची हाताने फिरवायची चावी बंद करा. गॅसच्या नळ्या आणि त्यांचे जोड मात्र अजिबात सोडू नका. वाटेत येत असतील तरी फक्त हलक्या हाताने बाजूला सारायच्या. सोडायच्या असतील तर सीएनजीचं काम करणाऱ्या माणसाकडून.

कॉइलचा कप्लर उष्णतेने ठिसूळ झालेला असतो. त्याचं लॉक दाबून सोडवायचं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही. कॉइल सरळ ओढण्याआधी डावीउजवीकडे थोडी पिळा, म्हणजे खालचं रबर प्लगवरून सुटतं. मग सरळ वर.

आता प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत टॉर्च मारून पाहा. माझ्या गाडीत प्लगच्या बुडाशी वाळलेल्या लाल मातीचं कडं दिसलं होतं, ओढ्याकाठी उन्हाळ्यात दिसतं तसं. म्हणजे पाणी साठून आटलं होतं. पाणी असेल तर जाड सिरिंजला नळी लावून ओढून घ्या, माती असेल तर पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणा किंवा सायकलचा पंप लावा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. विहिरीत पाण्याऐवजी इंजिन ऑईल असेल, तर वरच्या कव्हरमधली प्लगच्या नळीची सीलं गेली आहेत. ती बदला, नाहीतर नव्या कॉइलचं रबरही फुगेल.

मग मधल्या प्लगकडे या. इंजिन पूर्ण थंड हवं, सकाळी उठल्यावर सर्वात चांगलं. तो पाव फेरा सैल झालाय ना, आधी तो तेवढाच परत घट्ट करा. हे उलटं वाटेल, पण त्याने भुकटी चिरडते आणि जागा होते. विहिरीत गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं तेल टिपून घ्या आणि फक्त एक अष्टमांश फेरा सोडवा, परत आवळा, परत सोडवा. प्रत्येक वेळी थोडं पुढे. किरकिर आवाज आला किंवा हाताला खरखर लागली की थांबा, पुन्हा स्प्रे, पुन्हा वाट पाहा. मला माझ्या भावाच्या गाडीतला एक प्लग काढायला अडीच दिवस लागले होते. आटे सगळे जागेवर राहिले.

एवढं करूनही हलत नसेल, तर तिन्ही प्लग आवळून, कॉइल लावून, सगळं जोडून इंजिन पेट्रोलवर दोन-तीन मिनिटं चालवा. हात टिकेल इतकंच कोमट करा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड जरा ढिली होते. कोमटच हवं. तापलेल्या हेडचे आटे मऊ असतात आणि झटक्यात जातात. स्प्रे पेट घेणारा असतो, तेव्हा स्प्रे मारल्यामारल्या इंजिन चालू करू नका.

हत्यारांबद्दल. या इंजिनाला 16 नंबरची प्लगची गोटी, म्हणजे सॉकेट, लागते, आत रबर किंवा चुंबक असलेली. मागच्या पत्र्यामुळे लांब एक्स्टेन्शन सरळ शिरत नसेल, तर दोन आखूड घ्या. आधी गोटी आणि पहिला तुकडा विहिरीत सोडा, मग वरून दुसरा जोडा. त्या जोडावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. नाहीतर गोटीतलं रबर प्लगला धरून बसतं, एक्स्टेन्शन एकटं वर येतं आणि गोटी खालीच राहते. वळणारा जोड, म्हणजे युनिव्हर्सल, शक्यतो टाळा. त्याने गोटी तिरकी होते आणि प्लगची पांढरी चिनी माती चिरते. चीर डोळ्यांना दिसतही नाही, आणि घाटात मिसिंग मात्र तशीच राहते.

प्लग निघाले की ओळीने मांडून ठेवा, कुठला कोणत्या सिलिंडरचा ते कळायला हवं. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमी पडतेय. चिनी मातीवर लोखंडाच्या कडेला तपकिरी वलय दिसतं. त्याला घाबरू नका, ते उच्च दाबाच्या विजेने ओढलेले तेलाचे कण असतात, गळती नसते. पण उभी काळी रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी, तर वीज बाहेरून खाली उतरत होती असं समजा. ओल्या हवेत हे फार होतं. तशीच रेघ कॉइलच्या रबरात आतून असेल, तर रबर किंवा कॉइलही बदलावी लागेल, नुसत्या नव्या प्लगने भागणार नाही.

तुमची मिसिंग फक्त चढावर आणि गॅसवर का, याचंही उत्तर इथेच आहे. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला पेट्रोलपेक्षाही जास्त लागतं. प्लग झिजून ठिणगी उडते ती टोकाची फट वाढली की तेवढं व्होल्टेज सोपी वाट शोधतं, म्हणजे चिरेतून किंवा ओल्या रबरातून निघून जातं.

नवे प्लग गाडीच्या पुस्तकातल्या नंबराचेच घ्या. दुकानदार दुसऱ्या कंपनीचा "तोच नंबर" देईल, पण एनजीके कंपनीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, उष्णता लवकर सोडणारा, तर बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम, उष्णता धरून ठेवणारा. आकडे सरळ ताडून चालत नाहीत. नंबरातलं आर हे अक्षर रेझिस्टरचं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाडीत ते हवंच. फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी 10 असेल तर ती 1.0 मिलिमीटर. साध्या निकेलच्या प्लगची फट हलकेच ठोकून जमवता येते, इरिडियमच्या बारीक टोकाला मात्र हात लावू नका.

आता बसवणं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, सोडवताना नाही. मी आंब्याच्या फवारणी पंपाची नळी वापरतो, नवी, औषध न लागलेली, साधारण फूटभर. तिचं तोंड प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसायला हवं. नळीला प्लग लावून विहिरीत सोडा, तो तळाला टेकेल. मग आधी उलट्या दिशेने सावकाश फिरवा. एका ठिकाणी प्लग किंचित खाली बसल्याचं, टक् असं बोटांना कळतं. कानाला ऐकू येत नाही, बोटांनाच कळतं. तिथून सुलट फिरवा. आटे जुळले असतील तर चार-पाच फेरे नुसत्या दोन बोटांनी जातात. तिरका गेला असेल तर नळीच प्लगवर घसरते, प्लग पुढे जात नाही. या कामाला नळी घ्यायची ती म्हणूनच. रॅचेट हे सांगत नाही, तो तिरका प्लगही मुकाट्याने आत ढकलतो.

बुडाला टेकल्यावर गोटी लावा. नव्या प्लगची वॉशर दबायची असते, म्हणून घड्याळाच्या तबकडीवर 30 ते 40 मिनिटं एवढा फिरवायचा. जुनाच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेली असते, तिथे 5 मिनिटं पुरे. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, असेल तर पुस्तकातला आकडा पाळा.

आपल्याकडे गंजाच्या भीतीने आट्यांना ग्रीस किंवा ऑईल लावायची पद्धत आहे. मीही लावायचो. आट्यांवर निकेलचा थर दिलेल्या प्लगना काही लावू नये, असं एनजीकेचंच सांगणं आहे, कारण वंगणाने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि आट्यांवर ताण येतो. ग्रीसचा खरा उपयोग वर आहे. कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावा. पावसाळ्यात ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी रबर चिकटून बसत नाही. आणि प्लग दर वर्षी पावसाळा संपला की एकदा सोडवून परत बसवा, बदलायचे नसले तरी. निकेलचे प्लग 30 ते 40 हजार किलोमीटर चालतात खरे, पण खाऱ्या हवेत तेवढी वर्षं न हलवता ठेवले की तुमच्या मधल्या प्लगसारखं होतं.

समजा सगळं करूनही आटे गेलेच. तरी लगेच हेड उतरवायला होकार देऊ नका. जागेवरच नवे आटे पाडून आत तारेची किंवा पोलादी बुशी बसवता येते. माझ्या गाडीत तसंच केलंय आणि ती बुशी आजही आहे. फक्त टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत जाड ग्रीस भरून, दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसत काम करणारा माणूस हवा, म्हणजे ॲल्युमिनियमचा भुसा सिलिंडरमध्ये पडत नाही. जो "एका झटक्यात करतो" म्हणेल त्याच्याकडे देऊ नका.

चालू केल्यावर पहिलं मिनिटभर थोडा धूर येईल, तो स्प्रेचा. फिल्टरच्या डब्याचा क्लॅम्प नीट बसलाय ना ते बघा, शिट्टीसारखा आवाज आला तर तो ढिला आहे. मग गॅसवर टाकून साखरप्यावरून आंबा घाटाचा पहिला चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढून या. तरीही मिसिंग मारलीच, तर मधली कॉइल पहिल्या सिलिंडरला लावून पाहा. गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्कॅनरवर मिसिंग कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेली तर कॉइल खराब, तिथेच मधल्यावर राहिली तर मला परत लिहा.